शेवटचा डाव आधी खेळवणाऱ्या बाई

बाईंच्या टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात पोस्टकार्डाचा एक तुकडा चिकटवलेला असे. अगदी काचेवरच. शनिवारी सकाळी सामना सुरू झाला की गुणांचा आकडा त्या तुकड्याखाली झाकला जाई, आणि बाईंना तेच हवं असे. केबलवाला एकदा वायर बदलायला आला, तेव्हा त्याने विचारलं, "बाई, काचेला तडा गेलाय का?"

बाई म्हणाल्या, "काच चांगली आहे. आकडा दिसला की माणूस खेळ बघायचा थांबतो. तुम्ही वायर बघा."

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. निमकर बाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. निवृत्त होऊन सदाशिव पेठेत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. अंगाने काटक, आवाज खडा. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या रोज संध्याकाळी चालत कसबा पेठेत यायच्या आणि आमच्या घराजवळच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवायच्या. माझी संगीता त्यांच्याकडे खेळायची. तिच्यामुळेच मला ते काम मिळालं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "पोळ्या मऊ करता का?" मी मान हलवली. "बोलत नाही वाटतं?" मी पुन्हा मान हलवली. "छान. या घरात बोलायला मी एकटी पुरते," बाई म्हणाल्या.

टीव्हीवरचा तो खेळ आपल्याकडचा नव्हता. बाईंचा भाचा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि कंपनीने त्याला ऑस्ट्रेलियात पाठवलं होतं. सुट्टीवर आला तेव्हा त्याने मावशीसाठी तिकडचा फुटबॉल आणला. दोन्ही टोकांना निमुळता, पपईसारखा. त्यानेच सांगितलं की हा खेळ आता केबलवर दिसतो. लंबगोल मैदान, एकेका बाजूला अठरा माणसं, हाताने ठोसा देऊन किंवा पायाने मारून चेंडू पुढे न्यायचा आणि उंच खांबांमधून पार करायचा. खांबांजवळ पांढरा कोट घातलेला एक माणूस उभा असायचा. मला कितीतरी दिवस वाटायचं की तो डॉक्टर आहे आणि कोण पडतं याची वाट बघतोय. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा बाई पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या की तो गुण दाखवणारा पंच आहे.

खेळाचे चार भाग असत. खो-खोतही दोन्ही संघ दोनदा पाठलाग करतात आणि दोनदा पळतात, म्हणजे आमचेही भाग चारच. त्यामुळे बाईंना त्या परक्या खेळात आपलं काहीतरी सापडलं होतं. त्यांना एकच गोष्ट शोधायची होती. काही संघ तीन भाग मागे असतात आणि चौथ्यात उठून जिंकतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हे कसं होतं?

"नशीब एकदा येतं," त्या म्हणायच्या. "दर शनिवारी यायला ते काय दूध आहे?"

एकदा मी आत कणीक मळत होते. बाहेरून हाक आली, "मालनबाई, कणीक मळताना डोळ्यांना काय काम असतं?"

"काही नाही."

"मग ते मला द्या. परात घेऊन इकडे या."

मी परात घेऊन दारात बसले. पडद्यावर निळे आणि लाल असे दोन संघ होते. बाईंनी विचारलं, "मागे कोण आहे, सांगा."

मी बराच वेळ बघितलं. मग म्हटलं, "निळे."

"कशावरून?"

"दमलेत. कमरेवर हात ठेवून उभे राहतात."

बाईंनी उठून पोस्टकार्डाचं टोक उचललं. निळे पाच गोलांनी पुढे होते. मला इतकी लाज वाटली की मी परात उचलून आत गेले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. शेवटच्या पोळीला बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "निळे हरले," त्या म्हणाल्या. "मागे कोण आहे ते तुम्हाला नाही ओळखता आलं. पुढे काय होणार ते आलं. मला तीस वर्षांत जे दिसलं नाही ते तुम्ही कणकेच्या हातांनी सांगितलंत."

तेव्हापासून शनिवारी पोळ्या उशिरा होऊ लागल्या. बाईंनी मला एक वही दिली आणि सांगितलं की कमरेवर हात दिसला की रेघ ओढायची. मी चौथी शिकलेली, पण रेघा ओढायला काय लागतं! बाई चेंडूकडे बघायच्या. मी ज्यांच्याकडे चेंडू नाही त्यांच्याकडे बघायचे. मला तेच जास्त दिसतं. लग्नाकार्यातही मी पंगतीकडे बघत नाही, वाढणाऱ्यांकडे बघते. मला दिसलं की मागून येऊन जिंकणाऱ्या संघात चेंडूपासून लांब असलेली माणसंही पळत असतात. कुणी बघत नसताना. आणि दमलेला माणूस बाहेर जाऊन बसतो, त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. थोड्या वेळाने तो ताजा होऊन परत येतो.

बाईंना दिसलं ते वेगळं. त्या पडद्यावर बोट ठेवून सांगायच्या, "हे बघा, आता बाजूला मारायला लागले, मागे मारायला लागले. मघाशी पुढे मारत होते म्हणून पुढे गेले. ज्याने पुढे आले तेच बंद केलं. याला राखणं म्हणतात. पुढे असलेल्यांना हा रोग होतो."

आणि एकदा, खूप दिवसांनी, पान खाल्ल्यासारखं ते वाक्य तोंडात घोळवत म्हणाल्या, "मागून येणारे जादू करत नाहीत हो. पहिल्या डावात करतात तेच चौथ्यात करतात. समोरचे करत नाहीत. एवढंच आहे ते."

भाचा रविवारी फोन करायचा. "मावशी, इकडची कुठली टीम तुझी?" बाई म्हणायच्या, "जी मागे असेल ती."

हे सगळं त्यांनी मैदानावर आणलं. इतर ठिकाणी मुली आधी ताज्या दमाने खेळतात आणि शेवटी पळायच्या फेऱ्या मारतात. बाईंनी उलटं केलं. आल्या आल्या मैदानाला सहा फेऱ्या, मग उठाबशा, आणि मुलींना धाप लागली की शिट्टी वाजवून म्हणायच्या, "चला, शेवटचा डाव. दोन मिनिटं उरलीत, तीन गडी हवेत." सरावाची सुरुवातच शेवटच्या डावाने व्हायची. एका मुलीची आई भांडायला आली, "अहो, मुलीला आधीच दमवता, मग ती शिकणार काय?"

"शेवटच्या डावात ती ताजी असणार आहे का?"

"नाही, पण..."

"मग दमूनच शिकू दे. ताजेपणी काय, सगळेच हुशार असतात."

कमरेवर हात ठेवायला बंदी होती. "दम लागला तर चाला. हात कमरेवर ठेवून समोरच्याला पत्र पाठवू नका." गुणफलकाकडे बघायलाही बंदी होती. ज्या मुली राखीव म्हणून बसायच्या त्यांनाही प्रत्येक सामन्यात थोडा वेळ उतरवायच्या. त्या वर्षांत आमच्या भागात जिन्याजिन्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि चांगल्या खेळणाऱ्या मुली एकेक करून तिकडे चालल्या होत्या. कुणाची आई येऊन म्हणायची, "बाई, संध्याकाळची बॅच मिळाली हो." बाई म्हणायच्या, "जाऊ दे तिला. बोटं चालू होतील. पाय आमच्याकडे ठेवून जा म्हणावं." उरलेल्या मुली काही फार मोठ्या खेळाडू नव्हत्या. पण दोन वर्षांत त्यांनी असे काही सामने शेवटच्या मिनिटाला ओढून आणले की बाहेरच्या संघांची माणसं आमच्या मैदानावर सराव बघायला येऊ लागली.

तरी मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना बाईंच्या संघाने कधीच जिंकला नव्हता. शाळेत असतानाही नाही. बाई ते कधी बोलून दाखवायच्या नाहीत. पण त्यांच्या कपाटावर उपविजेत्यांचे सहा कप होते आणि ते पुसताना त्या ज्या जोरात पुसायच्या, त्यावरून कळायचं.

त्या वर्षी संगीता सतरा वर्षांची झाली. तिचे वडील मंडईत हमाली करायचे. त्यांचा खेळाला विरोध नव्हता, पण घरात तीन मुलं होती आणि नणंदेने भोसरीच्या कारखान्यात पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं. त्यांनी मला सांगितलं, "यंदा जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर खेळू दे. पुढे नोकरीला तरी उपयोग होईल. नाही आलं तर पुरे झालं. पहिल्या तारखेपासून कामाला." संगी हे ऐकून काही बोलली नाही. ती माझ्यावर गेली आहे.

जिल्ह्याची निवड अंतिम सामन्यानंतर लगेच, मैदानावरच व्हायची. मी तीन दिवस धीर गोळा केला आणि बाईंना म्हटलं, "निवड करणारे तुमच्या ओळखीचे आहेत ना?"

"आहेत. म्हणूनच मी त्यांच्याशी बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "उद्या ती चांगली पळाली तरी लोक म्हणतील, बाईंनी घातली. तिचं पळणं मी कशाला बाटवू?"

मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. मी भाजीत मीठ घालायला विसरले. बाईंनी न बोलता वरून घेतलं.

सामना संध्याकाळी होता. मी पाण्याची कळशी आणि लिंबाच्या फोडी घेऊन आमच्या मुलींजवळ बसले होते. पहिल्यांदाच उलटं घडलं. आमच्या मुली सुरुवातीलाच पुढे गेल्या. आम्ही आठ गडी बाद केले, त्यांनी आमचे पाचच. तिसऱ्या भागात पाठलाग पुन्हा आमचा होता. बाई मुलींना म्हणाल्या, "आता जपून. सूर मारू नका, फाउल होईल. उगाच धावाधाव नको." मुली जपून खेळल्या. तीनच गडी मिळाले. एकूण झाले अकरा. समोरच्यांना जिंकायला सात हवे होते आणि पहिल्यांदा त्यांना पाचच्या वर जमलं नव्हतं.

मधल्या वेळात बाई मुलींना घेऊन बसल्या. पळणाऱ्या मुली तिघी-तिघींच्या तुकड्यांनी आत जातात. पहिल्या तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी. बाई म्हणाल्या, "संगीता शेवटच्या तुकडीत. तिला राखून ठेवू. पहिल्या दोन तुकड्यांनी वेळ काढायचा."

मी लिंबाच्या फोडी देत फिरत होते. आमच्या दोन मुली मान वळवून गुणफलक बघत होत्या. कप्तानाने कमरेवर हात ठेवले होते. पलीकडे समोरच्या संघातली एकही मुलगी बसली नव्हती. त्या एकमेकींचे पाय चोळत होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. हे सगळं मी इतक्या शनिवारी बघितलं होतं की मला चुकणं शक्य नव्हतं. बाईंना चारचौघांत सांगायचं म्हणजे काय! मी तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी पंचांनी शिट्टी वाजवली, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "बाई, आपण राखायला लागलो."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्या मंडळाच्या नावाने आमच्या मुली खेळायच्या, त्याचे चिटणीस शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. ते हसून म्हणाले, "घ्या, आता पोळ्यांवरून खो-खो!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मुलींकडे बघितलं. एकेकीकडे, सावकाश. मग कप्तानाचे हात स्वतःच्या हातांनी कमरेवरून काढले आणि म्हणाल्या, "मुलींनो, माझी चूक झाली. दोन वर्षं तुम्हाला जे करू नका म्हणून ओरडले, तेच मी आज करायला सांगितलं. मागचं विसरा. संगीता पहिल्या तुकडीत जाईल. सगळ्यांनी पहिल्या डावात पळालात तसंच पळायचं."

संगीच्या बरोबरच्या दोघी मिनिटाभरातच बाद झाल्या. संगी एकटी उरली. ती त्या खांबांमधून आणि बसलेल्या मुलींमधून अशी पळाली की मी तिला ओळखलं नाही. एकदा समोरच्या मुलीने सूर मारला आणि तिची बोटं संगीच्या टाचेला घासता घासता राहिली. सात मिनिटांतली चार मिनिटं तिने एकटीने काढली असतील. ती बाद झाली तेव्हा समोरच्या संघातल्या मुलींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. पण नंतरच्या तिघी भराभर गेल्या. तिसऱ्या तुकडीला जेमतेम मिनिट उरलं होतं. त्यांनी जिवापाड पळून बघितलं. शेवटची शिट्टी वाजायला काही क्षण असताना सातवा गडी बाद झाला. आम्ही एका गुणाने हरलो.

मुली रडायला लागल्या. चिटणीस खुर्चीवरून उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "संगीता शेवटी असती तर कप आपला होता. स्वयंपाकाच्या बाईंनी स्वतःची मुलगी पुढे काढली आणि सामना घालवला."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी संगीचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. पण हे कुणाला सांगणार?

बाई माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "संगीताला पुढे मी काढलं. आणि सामना त्याच्या आधीच घालवला होता, तोही मीच, जपून खेळा म्हणाले तेव्हा. या फक्त एवढंच म्हणाल्या की आपण राखायला लागलो. ते खोटं होतं का? खोटं असेल तर सांगा."

चिटणीस म्हणाले, "नाही, पण तुमचा हा पहिला कप आला असता हो, बाई."

"माझ्या कपाटावर जागा आहे अजून. तुम्ही काळजी करू नका."

अर्ध्या तासाने निवड करणाऱ्यांनी नावं वाचली. संगीचं नाव तिसरं होतं. त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "ती चार मिनिटं बघितल्यावर दुसरं काय करणार!" संगी धावत आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला बाईंना सांगायचं होतं. त्या दिसेनात. शोधलं तर पलीकडे, जिंकलेल्या संघाच्या शिक्षकांजवळ मातीत मांडी घालून बसल्या होत्या. ते शिक्षक बाईंच्या निम्म्या वयाचे, संकोचून गुडघ्यावर बसलेले. बाई त्यांना विचारत होत्या, "मधल्या वेळात मुलींना खाली बसू दिलं नाहीत, ते मुद्दाम? आणि पाय चोळायला कुणी शिकवलं?" मी जवळ गेल्यावर म्हणाल्या, "ऐकलं मी नाव. तिला म्हणावं, उद्या सहा वाजता मैदानावर. आता जरा थांबा, हे महत्त्वाचं सांगताहेत."

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले ती घाबरतच. वाटलं, रात्रीत विचार करून बाईंना राग आला असेल. त्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होत्या. मी चहा ठेवला. त्यांनी वर न बघता विचारलं, "काल तुम्हाला ते केव्हा दिसलं?"

"काय?"

"आपण राखतोय ते."

मी खरं सांगितलं. "तुम्ही मुलींना सूर मारू नका म्हणालात, तेव्हाच."

बाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "म्हणजे तिसऱ्या भागाच्या आधी. तेव्हाच बोलला असतात तर आणखी चार गडी मिळाले असते. का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"चिटणिसांची?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

बाईंनी चहाला हात लावला नाही. चहावर साय धरली. मग म्हणाल्या, "तर ती माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी."

त्यानंतर सहा वर्षं मी त्यांच्याकडे होते, त्या गेल्या तोपर्यंत. संगी राज्याकडून खेळली, तिला नोकरी लागली, लग्नाचं आमंत्रण घेऊन आम्ही गेलो तेव्हा बाई अंथरुणावर होत्या. त्यांचा स्वभाव काही बदलला नाही. तशाच फटकळ, तशाच टोमणे मारणाऱ्या. पण मैदानावर असो की घरी, मुलींना काही सांगून झालं, डॉक्टरांनी काही विचारलं, अगदी भाजी कुठली करायची हे ठरलं, तरी आपलं म्हणणं सांगून झाल्यावर त्या माझ्याकडे वळून क्षणभर थांबायच्या. बहुतेक वेळा माझ्याकडे बोलण्यासारखं काही नसायचं. तरी बाई थांबायच्या.